खान्देशची बेकारी सुरतेच्या गाडीत बसलेली असते

सुरतेची गाडी दोंडाईच्यातून भरून गेली की आमच्या भागात सगळ्यांना काम आहे असं समजलं जातं. माणूस गावात रिकामा दिसत नाही, म्हणजे तो बेकार नाही. अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर, या सगळ्या पट्ट्यात वर्षानुवर्षं हाच हिशोब चालत आला. 2020 मध्ये गाड्या थांबल्या आणि हा हिशोब उघडा पडला. त्याबद्दल आपण पुरेसं बोललो नाही असं मला वाटतं, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे.

25 मार्च 2020 ला देशभर लॉकडाऊन लागला, त्या दिवशी गुढीपाडवा होता. आपल्याकडे पाडवा ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, ठरायचा काळ. सुरतेला, उधना-लिंबायत-पांडेसऱ्याकडे राहणारे आपले लोक या दिवसांत घराकडे निरोप धाडतात, आखाजीला येतो म्हणून. त्या वर्षी ते आले, पण कसे? लूम बंद, डाइंग मिल बंद, साडी फोल्डिंगचं काम बंद, रिक्षा उभी, आणि खोलीचं भाडं मात्र चालू. नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री असा रस्ता लोकांनी उन्हात, पोरं खांद्यावर घेऊन तुडवला. अक्कलकुवा-धडगावकडचे जे कोयते (ऊस तोडणारी जोडपी) गुजरातेत बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला गेले होते, त्यातले कितीतरी तिकडेच पडावावर, म्हणजे मुक्कामाच्या झोपड्यांत, अडकले.

8 मे च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळावर झोपलेल्या 16 मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशचे होते आणि जालन्याहून पायी निघाले होते. त्यांना पोहोचायचं होतं आपल्या भुसावळला, कारण तिथून घरी जायला गाडी मिळेल अशी आशा होती. आपल्या जंक्शनच्या वाटेवर ती माणसं मेली. दर 8 मे ला मला हे आठवतं, आणि आपल्या जिल्ह्यांत त्या दिवशी कुणी दोन शब्दही बोलत नाही याचं वाईट वाटतं.

आता आकड्यांकडे या. केंद्र सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणानुसार एप्रिल-जून 2020 या तिमाहीत शहरी बेकारी जवळजवळ 21 टक्क्यांवर गेली होती. हा आकडा भयंकर आहे. पण हे तिमाही सर्वेक्षण तेव्हा फक्त शहरांचं व्हायचं. सुरतेतून उठून शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यात परतलेला माणूस शहराच्या आकड्यातून बाहेर पडला आणि गावाचा तिमाही आकडा काढतच नव्हते. 1979 पासून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. मुकादमाने, ठेकेदाराने मजुरांची नोंद ठेवायची हे त्यात लिहिलेलं होतं. तरीही सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की घरी परतताना किती मजूर मेले याची माहिती आमच्याकडे नाही. नोंदच नव्हती, तर माहिती कुठून येणार?

परत आलेल्या माणसांचं गावात काय झालं, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. गावातलं काम तेवढंच राहिलं आणि हात एकदम वाढले. निंदणी, खत टाकणं, मिरची तोडणी ही बायांची कामं. त्या पावसाळ्यात ही कामं मागायला पुरुष उभे राहिले. आमच्या शिवारात मी पाहिलं, जोडप्याला बोलावलं तर दोघांची रोजी सांगायची हिंमत बाईला होत नव्हती. विधवा, एकट्या, वयस्क बायांना तर निरोपच जाईनासा झाला. त्यांना कुणी "बेकार" म्हटलं नाही, कारण त्यांना कामगार म्हणून आपण कधी मोजलंच नव्हतं.

या वेळी आधार द्यायला होती ती रोजगार हमी. ही योजना आपल्या महाराष्ट्राची देणगी आहे. वि. स. पागे यांनी तिचा विचार मांडला, 1972 च्या दुष्काळात तिने माणसं जगवली, 1977 ला तिचा कायदा झाला. पुढे तीच हमी मनरेगा म्हणून देशभर झाली. तिच्यासाठी केंद्राने 2020-21 ला 61,500 कोटींच्या तरतुदीवर आणखी 40,000 कोटी दिले. महाराष्ट्रातली तिची रोजची मजुरी 206 वरून 238 रुपये झाली. ज्या गावात ग्रामसेवक आणि रोजगार सेवक धडपडे होते, तिथे बांधबंदिस्ती, शोषखड्डे, विहिरी अशी कामं निघाली आणि लोकांची चूल पेटली. त्या माणसांचे आभार मानायलाच हवेत. पण बऱ्याच गावांत शेल्फवर, म्हणजे आधी मंजूर करून ठेवलेल्या यादीत, कामच नव्हतं. काम मागणीचा अर्ज नमुना 4 मध्ये लिहून द्यायचा होता आणि त्याची पोच घ्यायची होती, हे सुरतेहून आलेल्या पोराला कोण सांगणार? आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान जाहीर झालं, 4,000 रुपयांचं, निम्मं रोख आणि निम्मं किराण्याच्या रूपात. निर्णय सप्टेंबर 2020 चा, आणि माल घरोघर पोहोचेपर्यंत 2021 उजाडलं. भूक तोवर थांबत नाही.

नवापूरचं वेगळं सांगतो. कोंबडीने कोरोना होतो या अफवेने तिथले पोल्ट्रीवाले आधीच बसले होते. त्यातून उभे राहताहेत तोवर फेब्रुवारी 2021 मध्ये बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. मालकाच्या नुकसानीची निदान बातमी झाली. शेडवर दाणा-पाणी करणाऱ्या जोडप्यांचं काम त्याच दिवशी गेलं, त्यांच्यासाठी कुठलाच पंचनामा झाला नाही.

आणि पॅसेंजर. याच्यावर मी कितीही बोलू शकतो. आपल्याकडचा मजूर, भाजीवाली, जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या नाहीतर डाळीच्या कारखान्यात जाणारा पोरगा, दुकानातला नोकर, हे सगळे अपडाऊनवर जगतात. पॅसेंजर बंद झाल्या त्या महिनोन्महिने बंदच राहिल्या. पासही बराच काळ बंद. पुन्हा धावायला लागल्या तेव्हा डबे तेच, थांबे तेच, पण नाव "स्पेशल" आणि भाडं एक्स्प्रेसचं. कमीत कमी तिकीट 10 चं 30 झालं, ते पुन्हा 10 वर यायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. ज्याची रोजी अडीचशे-तीनशे, त्याने जाऊन-येऊन 60 रुपये भाड्यात घालायचे का? शेजारच्या गावातली एक मावशी तेव्हा मला म्हणाली होती, "भाऊ, आठे काम नही, तठे जावाले गाडी नही." (इथे काम नाही, तिथे जायला गाडी नाही.) रोग ओसरल्यावरही कितीतरी जणांचं काम परत आलं नाही, ते या भाड्यापायी. रोजगाराच्या चर्चेत रेल्वेचं तिकीट कुणी धरत नाही. ते धरलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

पोरांचं लिहिताना हात जड होतो. शाळा बंद, घरात एक मोबाइल, तोही रिचार्जविना. नववी-दहावीची पोरं बापाबरोबर कामाला गेली आणि शाळा उघडल्यावर त्यातली सगळी परतली नाहीत. ज्याच्या हातात पगार आला, त्याला पुन्हा बाकावर बसवणं फार अवघड. आज ती पोरं विशीत आहेत, कमी शिकलेली, कमी पगाराची. महामारीची बेकारी त्यांच्या अंगावर अजून आहे.

आपल्यातले शेतकरी म्हणतात, मजूर मिळत नाही. कापूस वेचणीला मध्य प्रदेशातून माणसं आणावी लागतात, हे खरं आहे. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला आहे, कापसाच्या भावात वेचणी परवडत नाही हे मला माहीत आहे. पण मजुराच्या बाजूनेही बघा. वेचणीचं काम दोन-अडीच महिन्यांचं. उरलेलं वर्ष त्याने काय खायचं? सुरत त्याला बारा महिने काम देते, म्हणून तो जातो. त्याला आळशी म्हणणं, फुकटच्या रेशनने माजला म्हणणं मला सहन होत नाही. रेशनचंच घ्या: महाराष्ट्र-गुजरात ही जोडी कुठेही रेशन मिळण्याच्या योजनेत 2019 च्या ऑगस्टमध्येच जोडली गेली होती. कागदावर आपला माणूस लॉकडाऊनमध्ये सुरतेत धान्य उचलू शकत होता. किती जणांना हे कुणी सांगितलं होतं?

माझी मागणी मोठी नाही. कोण, किती महिने, कुठे, कुणाच्या मुकादमीत, किती उचल (आगाऊ पैसे) घेऊन जातं, याची नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीत हवी. जाणाऱ्या कुटुंबाला रेशन तिकडे कसं घ्यायचं हे सांगितलं गेलं पाहिजे. आणि जे जाऊ इच्छित नाहीत, त्यांच्या कामाची मागणी दिवाळीआधी लेखी घेतली गेली पाहिजे.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही काही जण आमच्या गावात हा ठराव मांडणार आहोत. ठरावाचा आणि नोंदवहीच्या रकान्यांचा कच्चा मसुदा माझ्याकडे तयार आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारपैकी कुठल्याही गावात कुणाला मांडायचा असेल तर कॉमेंटमध्ये गाव आणि तालुका लिहा, मी पाठवतो.