क्योतोचं उदाहरण देण्याआधी

आमच्या पुण्याच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी तोच वाद पेटतो, पेठांतले रस्ते रुंद करायचे की वाडे वाचवायचे, आणि मग कोणीतरी मला टॅग करतंच, "तू जपानमध्ये क्योतोला राहतेस ना, सांग यांना तिकडे कसं जपलंय सगळं." बरं, सांगते. पण 'जपलंय' हे जरा अर्धवटच आहे.

७९४ साली राजधानी म्हणून हे शहर आखलं, चीनच्या तेव्हाच्या राजधानीसारखं, म्हणजे चांगआनसारखं, सरळ काटकोनातले रस्ते, मधोमध सुझाकू नावाचा तब्बल ८४ मीटर रुंद राजरस्ता. आज त्या जागी सेन्बोन-दोरी आहे ('दोरी' म्हणजे रस्ता), बसेस जातात, अगदी साधा रस्ता. बाकीची रुंदी लोकांनी घरं-शेती करत केव्हाच गिळली (अतिक्रमण फक्त आपल्यालाच जमतं असं नाही हं). मग १५९० च्या सुमारास जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी आला, त्याने मोठे चौकोन मधून चिरून नवे रस्ते घातले, शहरभरची बौद्ध मंदिरं उचलून एका रस्त्यावर आणली, तेच आजचं तेरामाची. आणि १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात आग पसरू नये म्हणून ओइके, गोजो, होरिकावा या रस्त्यांवरची घरं सरकारनेच पाडली. म्हणजे इथली रस्तारुंदी झाली ती अशी.

त्यातला ओइके आज पन्नासेक मीटर रुंद आहे. छान झाडं आहेत, पण तिथे रेंगाळताना मला तरी कोणी दिसत नाही, सगळे नुसते क्रॉस करतात. तिथून दहा मिनिटांवर निशिकीची गल्ली, समोरून माणूस आला तर खांदा वळवावा लागेल एवढी, आणि तिथे लोणची, मासे, टोफू घ्यायला ही झुंबड.

पत्ता सांगायची पद्धत मला फार आवडते. इथल्या महापालिकेच्या इमारतीचा पत्ता 'तेरामाची-दोरी ओइके आगारू' असा सुरू होतो, म्हणजे तेरामाची रस्त्यावर, ओइकेच्या चौकातून वर, उत्तरेला. सदाशिव पेठ, पेरूगेटजवळ म्हटल्यावर रिक्षावाल्याला पुढचं सांगावं लागत नाही, तसंच. आणि जुन्या भागातला मोहल्ला म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची घरं, रस्ता मध्ये. त्यामुळे तो रस्ता 'महापालिकेचा' वाटतच नाही. आमच्या समोरच्या आजी सकाळी दारापुढे झाडून पाणी मारतात, चक्क सडाच, आणि शेजाऱ्याच्या हद्दीत फूटभर जास्तीचं झाडतात. त्याहून जास्त नाही, कारण मग तो शेजाऱ्याला टोमणा होतो! (पुणेकरांना हे समजायला काहीच अवघड नाही.)

पण नुसत्या झाडूने शहर टिकत नाही, त्याला नियम लागतात आणि ते कोणाच्या तरी खिशाला लागतात. २००७ मध्ये मध्यवर्ती भागातली उंचीची मर्यादा मोठ्या रस्त्यांवर ४५ मीटरवरून ३१ केली, आतल्या गल्ल्यांत ३१ वरून १५. गच्चीवरचे जाहिरातींचे बोर्ड सात वर्षांत उतरवायला लावले. बिल्डर आणि जागामालक भयंकर चिडले होते, साहजिकच. तरी जुनी लाकडी माचिया घरं पडतातच, २०१६ च्या पाहणीत चाळीसेक हजार उरली होती, आणि उरलेल्यांत गेस्टहाऊस निघतायत. म्हणजे वाडा राहिला पण राहणारे गेले, हेही ग्रुपवर सांगायला हवं.

आता आपल्याकडे. रस्तारुंदी म्हणजे जी बिल्डिंग नवी होईल ती मागे सरकते, शेजारचा वाडा तसाच पुढे, आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यावर चार स्कूटर आणि एक वडापावची गाडी. चालणाऱ्याला काय मिळालं? शिजो हा इथला लक्ष्मी रोड म्हणा, तिथे २०१५ मध्ये उलटं केलं, गाड्यांच्या चार लेनच्या दोन केल्या आणि फूटपाथ साडेतीन मीटरवरून साडेसहापर्यंत वाढवला. सुरुवातीला प्रचंड जाम झाले, महापालिकेने शिव्या खाल्ल्या, पण फूटपाथ काही मागे घेतला नाही. तेव्हा क्योतोचं उदाहरण द्यायचंच असेल तर लाकडी घरांचे फोटो टाकू नका, लक्ष्मी रोडवरच्या किती लेन सोडायला तयार आहात ते बोला.