इलेक्ट्रॉनांचं प्रतिकर्षण गेलं कुठे?

सर, नमस्कार. तुमचा आक्षेप असा की, इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात हे सोडून दिल्यामुळेच ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पत्रा) २.३ टक्के प्रकाश शोषतं हा आकडा इतका सुटसुटीत आला, आणि नागपुरातली बीएस्सीची पोरं माझं वाचून तेच डोक्यात धरतील. शंका रास्त आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

प्रतिकर्षण दुबळं नाहीच. ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ३०० पट कमी वेगाने धावतात, म्हणून प्रतिकर्षणाचा जो जोर निर्वात जागेत १/१३७ असतो, तो इथे २ च्या वर जातो. त्याचा परिणाम मोजलाही गेलाय: २०११ मध्ये अधांतरी ताणलेल्या ग्राफीनमध्ये डिरॅक बिंदूजवळ (इलेक्ट्रॉनांचे दोन ऊर्जापट्टे जिथे एकमेकांना टेकतात तिथे) वेग सेकंदाला १० लाख मीटरवरून ३० लाखांच्या आसपास गेलेला दिसला. तिप्पट! मग शोषण जागचं का हललं नाही?

वहीत मांडून बघा. प्रकाश शोषून वरच्या पट्ट्यात उडी मारायला इलेक्ट्रॉनला उपलब्ध अवस्था वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, आणि एकेका उडीची शक्यता त्याच वर्गाच्या सम प्रमाणात. गुणाकारात वेग कटतो. उरते ती उडालेला इलेक्ट्रॉन आणि मागची पोकळी यांच्या ओढीसकट येणारी दुरुस्ती. तिच्या सहगुणकावरून २००८ पासून चांगलीच खडाजंगी झाली. इंटिग्रल कुठे तोडायचं यावरून कुणाला ०.५ मिळाला, कुणाला ०.०१. पहिल्या पायरीचाच हिशोब धरला तर ०.५ ला त्या २ च्या वरच्या जोराने गुणून शोषण जवळपास दुप्पट व्हायला हवं होतं. मँचेस्टरच्या २००८ च्या मोजणीत २.३ टक्केच आले, म्हणून मी ०.०१ च्या बाजूने आहे.

तुमचं म्हणणं खरं ठरतं ते वाईल सेमीमेटलमध्ये, म्हणजे ज्यात पट्टे असेच बिंदूंत टेकतात अशा त्रिमितीय स्फटिकांत. तीन मितींत अवस्था वेगाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतात, त्यामुळे छेदात एक वेग उरतोच. प्रकाशीय वाहकता (शोषण जिच्यावरून ठरतं ती राशी) प्रकाशाच्या वारंवारतेसोबत सरळ रेषेत चढते, आणि त्या रेषेच्या चढावात तो वेग बसलेला असतो. प्रतिकर्षणाने वेग बदलला की चढही बदलणार, म्हणजे सरळ रेषेला वळण येणार. शिवाय इलेक्ट्रॉन एकमेकांचा विद्युतभार झाकतात, तेही लॉगॅरिदमच्या संथ चालीने. हा भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो: तेच प्रतिकर्षण, पण एक मिती वाढली की लपायला जागा नाही.

टँटलम आर्सेनाइड या वाईल सेमीमेटलच्या आलेखात मग हे वळण का दिसत नाही, असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्यातले वाईल बिंदू (पट्टे टेकतात ते बिंदू) नेमके फर्मी पातळीवर, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेवर, बसत नाहीत. मोकळे इलेक्ट्रॉन उरतात, ते प्रतिकर्षण झाकून टाकतात आणि लॉगॅरिदमची वाढ मध्येच थांबते.