पैसे पाण्यात? आधी फीचा आकडा तरी बघा

रविवारी भांडुपला ताईकडे गेलो, तर भाची गाल फुगवून बसलेली. फिजिक्स घेऊन बीएस्सीचं शेवटचं वर्ष, पुढे समुद्रविज्ञानात एमएस्सी करायचं तिनं ठरवलेलं. भाऊजींनी मोबाईलवर आलेला मेसेज माझ्यापुढे धरला. ‘ओशनोग्राफीची डिग्री म्हणजे पैसे पाण्यात! खर्च पन्नास लाख, नोकरी शून्य. सहा-सहा महिने जहाजावर, मुलींचं तिथे काय काम? आणि आता सगळं उपग्रहच करतात.’ एरवी दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारा माणूस, पण हे एका वाचनात पटलं!

मुलींचं आधी घेतो, कारण घोडं तिथेच अडलंय. अदिती पंत. जन्म नागपूरचा, घराणं औंधच्या पंतप्रतिनिधींचं, बीएस्सी पुणे विद्यापीठाची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या या बाई १९८३ साली तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. सोबत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. तिथे पोचलेल्या या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. दक्षिण गंगोत्री हा आपला तळ याच मोहिमेत उभा राहिला. भाऊजी तेव्हा चौथीत होते. तेव्हा जे जमलं, ते त्यांच्या मुलीला आज जमणार नाही?

आणि ते ‘सहा-सहा महिने’ म्हणजे मर्चंट नेव्ही हो! ती माणसं जहाज चालवतात. समुद्रविज्ञानवाले पाण्याचे नमुने घेतात, प्रवाह मोजतात, परत येतात आणि मग महिनोन्महिने कॉम्प्युटरसमोर आकडे पिंजत बसतात. कित्येकांचा तर बोटीशी फारसा संबंधच येत नाही.

पन्नास लाख परदेशात लागत असतील. गोवा, कोची, विशाखापट्टणम इथल्या सरकारी विद्यापीठांत हा विषय शिकवतात, फीही सरकारी. पदवीवर ‘ओशनोग्राफी’ असं छापलेलं असायची गरज नाही. फिजिक्स-गणित पक्कं हवं, आणि ते लोकलच्या पासात होत आलंय. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर असा वेगळा पेपरच आहे. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली, तर पीएचडी करताना सुरुवातीलाच महिना ३७,००० रुपये हातात येतात. पाण्यात नक्की काय गेलं?

नोकऱ्या थोड्या आहेत, हे मात्र नाइलाजानं मान्य. नुसत्या एमएस्सीवर खासगीत सुरुवातीचा पगार बेताचाच, आणि पीएचडी संपेस्तोवर तिशी जवळ येते. बापाला ती काळजी वाटणारच. पण शून्य? गोव्याच्या त्याच संस्थेचं केंद्र आपल्या अंधेरीत आहे. वरळी-वांद्र्याचं सांडपाणी पाइपानं समुद्रात सुमारे साडेतीन किलोमीटर आत सोडतात. भरतीला ते परत किनाऱ्याकडे येतं का, हे कोणीतरी मोजायला नको?

राहिला उपग्रह. त्याला वरचं पाणी दिसतं: तापमान, रंग, उंची. खालचं मोजायला २,००० मीटरपर्यंत बुडी मारणारे आर्गो तरंगक, म्हणजे आपोआप वरखाली होणारी मोजणी यंत्रं, लागतात. मासळी कुठे सापडेल हे हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था मच्छीमारांना कळवते, ते उपग्रहाच्याच आकड्यांवरून. पण ते आकडे वाचणारी माणसं याच विषयातली.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘गोव्याला मुलींचं हॉस्टेल आहे का?’ आत्तापर्यंतचा पहिला कामाचा प्रश्न. भाची लगेच फोन शोधायला उठली.