रिमेक काढा, पण आमच्या लाईनीवर चालणारा

ज्या कोणी २००३ साली 'कमांड अँड कॉन्कर: जनरल्स' हा गेम बनवला त्यांनी विदर्भातला मे महिना पाहिलेला नाही, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे. कारण हा गेम नव्या कॉम्प्युटरवर सुरू होता होता गपकन बंद पडतो आणि एक छोटी खिडकी उघडून इंग्रजीत सांगतो की गंभीर बिघाड झालेला आहे, असा बिघाड व्हायरसमुळे होऊ शकतो, हार्डवेअर तापल्यामुळे होऊ शकतो, नाहीतर तुमची मशीनच कमी पडत असेल. आता हार्डवेअर तापलं का हे काय विचारणं झालं? इकडं चंद्रपूर, ब्रम्हपुरी, अकोला यातल्या कोणाचा पारा जास्त याची पेपरात रोज शर्यत, ४४ असला की लोक म्हणतात आज जरा बरं आहे, छतावरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेतलं तर चामडी निघते, गाडीच्या सीटवर दुपट्टा टाकल्याशिवाय बसता येत नाही, अन कॉम्प्युटरनंच तेवढं थंड राहावं होय?

मी तरी काय करणार, डब्ब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि नेऊन ठेवला कूलरसमोर. कूलर म्हणजे आपला लोखंडी, तीन बाजूंनी ताट्या लावलेला, बादलीनं पाणी टाकायचा. बाबांनी खाटेवरून पाहिलं. "अबे माणसं उकडून मरून रायली अन तू डब्ब्याले हवा देऊन रायला?" असं म्हणत उठले आणि कूलरचं तोंड परत खाटेकडं फिरवून पडले. एका परीनं बरंच झालं म्हणा, कारण त्या ताट्यांमधून पाण्याचे बारीक शिंतोडे थेट मदरबोर्डवर चालले होते.

अन शेवटी कारण काय निघालं, तर तापण्याचा काही संबंधच नाही! गेमला डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये ऑप्शन्स डॉट आयएनआय नावाची एक फाइल लागते, नव्या मशीनवर कधीकधी ती बनतच नाही, मग नोटपॅड उघडून स्वतःच्या हातानं रिझोल्यूशन वगैरेच्या ओळी लिहून ती तिथं नेऊन ठेवली की गेम गुमान सुरू होतो. माझं गावात ऑनलाइन कामांचं दुकान आहे, सातबारा, पीक विमा, केवायसी असं सगळं, त्यामुळे एका कागदापायी अख्खं प्रकरण अडणं मला काही नवीन नाही, पण तिथं निदान कोणता कागद कमी आहे ते सांगतात, इथं मात्र कागद नाही म्हणायच्या ऐवजी तुम्हाला ताप आहे म्हणतात. आता एवढा कुटाणा दर वेळी मशीन बदलली की कोण करत बसणार. म्हणून म्हणतो, रिमेक पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनरल्समध्ये तीन पक्ष, अमेरिका, चीन आणि जीएलए. अमेरिकेकडं विमानं आणि भरपूर पैसा, चीनकडं भले मोठे रणगाडे आणि माणसंच माणसं, जीएलए म्हणजे फाटकी दहशतवादी टोळी, कपडे मळलेले, गाड्या भंगारातल्या. आपण वरून पाहायचं, डोझरनं इमारती बांधायच्या, सामान गोळा करायचं, फौज जमवायची अन समोरच्याचं गाव उठवायचं. तालुक्याला एमएस-सीआयटीच्या क्लासला जायचो तेव्हा हा गेम पहिल्यांदा दिसला, सर जेवायला गेले की अर्धी बॅच एक्सेल मिनिमाइज करून युद्धाला लागायची. सीडीवर स्केच पेननं नाव लिहिलेलं असायचं, तेही चुकीच्या स्पेलिंगचं, त्यामुळे आमच्या भागातली एक पूर्ण पिढी या गेमला 'जर्नल' म्हणून ओळखते.

पण या गेमवर माझा खरा जीव जडला तो लाईनीमुळे, म्हणजे आपल्या विजेमुळे.

या गेममध्ये लोडशेडिंग आहे! बाकीच्या गेममध्ये सोनं लागतं, लाकूड लागतं, इथं पैशासोबत लाईन लागते. अमेरिकेला रिॲक्टर बांधावा लागतो, चीनला अणुभट्टी, आणि कोणी येऊन त्या फोडल्या की खालचा विजेचा पट्टा लाल होतो, रडार जातं, अमेरिकेची पेट्रियट मिसाईलं अन चीनच्या गॅटलिंग तोफा मान टाकून नुसत्या उभ्या राहतात, शत्रू समोरून चालत गेला तरी हूं का चूं नाही. चीनच्या अणुभट्टीला तर असं एक बटण आहे की ते दाबलं की ती जास्त वीज देते पण स्वतः झिजत जाते, अन आपण ते बटण दाबून विसरलो तर बोंबला. हे बटण पाहिलं तेव्हा मला आमच्या वावराजवळची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आठवली. तिच्यावर हे बटण कायमचंच दाबलेलं आहे, जेवढ्या मोटारी झेपतात त्याच्या दुप्पट लागलेल्या, अन ऐन गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी ती जळते.

विचार करा, चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, कोराडी-खापरखेडा आहेच, कोळसा आमचा, राख आमच्या अंगावर, अन वावरात थ्री फेजची लाईन कधी दिवसाच्या पाळीला तर कधी रात्रीच्या. रात्रीची पाळी असली की हातात बॅटरी घेऊन, रानडुकरं नाही ना पाहत, धुऱ्याधुऱ्यानं जायचं, मोटार सुरू करायची, अन परत घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसावं तर तिथंही पट्टा लाल.

अशा माणसानं कोणता पक्ष घ्यावा? माझा मावसभाऊ पहिल्या दिवसापासून जीएलए घ्यायचा. आम्ही हसायचो, विमान नाही, नीट रणगाडा नाही, हे काय घेतो बे म्हणायचो. तो शांतपणे म्हणायचा, "भाऊ, यायले लाईन लागत नाही." अन खरंच, अख्ख्या गेममध्ये जीएलए हा एकच पक्ष आहे ज्याला विजेची गरजच नाही! सगळं बिनालाईनचं. रस्त्यात पडलेलं दुसऱ्याच्या मोडक्या गाड्यांचं भंगार उचलून त्यांच्या गाड्या आणखी दमदार होतात. इमारत पाडली तर जमिनीत एक भोकाड राहतं आणि त्यातून एक मजूर निघून तीच इमारत परत उभी करतो, बांधावरच्या गाजरगवतासारखं, कितीही उपटा. आम्ही अमेरिकेची लेझर-बिझर घेऊन रिॲक्टर मोजत बसायचो, तेवढ्यात हा आमचे रिॲक्टर उडवून मोकळा, वरून विचारणार, "का भाऊ, आज किती तासाचं भारनियमन?"

एकदा बाबा मागं येऊन उभे राहिले. बाबांना युद्धाशी काही देणंघेणं नाही, त्यांना त्यात फक्त ट्रॅक्टर दिसला. जीएलएकडं एक टॉक्सिन ट्रॅक्टर असतो, मागं टाकी लावलेला, फवारा मारत जाणारा. "हा कोणत्या कंपनीचा?" मी म्हटलं कंपनीचा नाही बाबा, बनवलेला आहे. "मागं ब्लोअर लावला वाटते. डिझेल किती खाते?" मी म्हटलं खातच नाही, तेव्हा त्यांचा इंटरेस्ट वाढला आणि ते स्टूल ओढून बसले. तेवढ्यात मी एका मजुराला क्लिक केलं अन तो त्याच्या त्या रडक्या आवाजात काहीतरी बोलला.

"काय म्हणते तो?"

"चप्पल-जोडा मागून राहिला."

"मंग दे ना."

"बाबा, पैसे लागतात त्याला."

"अरे सालदाराले जोडा देणं लागतेच! पाडव्याले साल ठरते तवाच बोलून घेतो आपण, धोतर, जोडा, घोंगडी. तू काय फुकटात राबवून रायला का त्याले?"

आता यांना कसं सांगावं की मूळ गेममध्ये तो मजूर बूट मागतो पण द्यायची सोयच नव्हती, तो नुसता मागत राहतो. नंतर 'झिरो अवर' नावाची पुढची आवृत्ती आली त्यात बुटांचं अपग्रेड टाकलं, घेतलं की सगळे मजूर भराभरा चालतात. मूळ गेम फेब्रुवारी २००३ चा, झिरो अवर त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा. म्हणजे सात महिन्यांत मागणी मंजूर! आमच्या शाळेच्या भिंतीचा प्रस्ताव याच्यापेक्षा जुना आहे. बाबांनी मला त्या दिवशी बूट घ्यायला लावले, अन तोफा कमी पडून मी हरलो, पण मजूर खूश.

तर रिमेकचं असं आहे की ज्यांची पाळी आधी नव्हती त्यांचाही नंबर लागून गेला. एज ऑफ एम्पायर्स २ हा असाच फौजा लढवायचा जुना गेम, तो नव्यानं आला २०१९ मध्ये. याच कमांड अँड कॉन्कर मालिकेतले पहिले दोन गेम २०२० मध्ये घासूनपुसून आले, अन ते करायला पेट्रोग्लिफ कंपनीवाले घेतले ज्यांच्यात मूळ गेम बनवणाऱ्या वेस्टवुड कंपनीचेच जुने लोक, म्हणजे घरचंच लग्न. मला वाटलं आता पुढचा नंबर आपलाच. कशाचं काय. त्याच्याही आधी जनरल्स २ जाहीर झाला होता, २०११ च्या डिसेंबरात, मी खूश, मग म्हणाले फुकट देऊ पण ऑनलाइन खेळा, मी जरा कमी खूश, अन २०१३ च्या ऑक्टोबरात सांगितलं की बंद केला. पत्रिका छापून झाल्यावर लग्नच रद्द.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये गेमची मालक असलेल्या ईए कंपनीनं जनरल्स आणि झिरो अवरचा सोर्स कोडच, म्हणजे गेम ज्यातून बनतो ते मूळ लिखाण, खुला करून टाकला, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा अन दुरुस्त करावा. ही बातमी पुतण्यानं आणली. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आला की दुकानात बसतो. म्हणे, "काका, आता तर कोड आहे, तुम्हीच बनवा ना रिमेक." मी म्हटलं बाबू, मी आधारला मोबाईल नंबर लिंक करणारा माणूस आहे, अन तोही ओटीपी आला तर. त्यानं तो कोड उघडून दाखवला. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण एवढं कळलं की कुठंतरी यातच तो बूट मागणारा मजूर आहे आणि ती लाईन जाण्याची भानगडही, अन उगाच बरं वाटलं.

भीती वेगळीच आहे. वॉरक्राफ्ट ३ या दुसऱ्या एका जुन्या गेमचा रिमेक २०२० च्या जानेवारीत आला तेव्हा लोक एवढे चिडले की पैसे परत द्यायची पाळी आली. नवीन म्हणून दिलं अन जुन्यातलंही गेलं. उद्या जनरल्सचं असं झालं तर? चेहरे चकचकीत करतील, पाण्यात ढगाचं प्रतिबिंब दाखवतील, अन त्याच्यासाठी पन्नास-शंभर जीबी उतरवून घ्या म्हणतील. पुतण्याला त्याचं काही वाटत नाही, पुण्यात रात्री डाउनलोडला लावून झोपतो. आमच्याकडं लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरची बॅटरीही जाते, मग नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, अन टाकीवर कॉम्प्युटर नेता येत नाही. कायम ऑनलाइन राहा अशी अट टाकली तर संपलंच. मला ग्राफिक्स नाही वाढवले तरी चालते. मला फक्त क्लिक केल्यावर सुरू होणारा, सीडी न मागणारा, ताप आहे म्हणून खोटं न बोलणारा, मोठ्या स्क्रीनवर नीट दिसणारा जुनाच गेम पाहिजे. आवाज तेच ठेवा. त्या मजुराच्या आवाजाला हात लावला तर मात्र आंदोलन.

खरं सांगू का, मला वाटतं कंपनी घाबरत असावी. २००३ ची हवा वेगळी होती, आज दहशतवादी टोळीच्या बाजूनं खेळा असा गेम काढायला कोण धजेल? तेव्हाही जर्मनीत हा गेम विकताना सैनिकांचे यंत्रमानव करून विकला होता, रक्तामांसाचा माणूस नको म्हणून. तर माझं म्हणणं, जीएलएचं नाव बदला, धंदा बदला, बॉम्ब काढून टाका, मला त्याची हौस नाही. पण एक पक्ष बिनालाईनचा ठेवा. भंगारातून गाडी जोडणारा, पाडलं तरी उगवणारा, जोडा मागणारा. त्याला लागेल ते नाव द्या.

परवा दुपारी विम्याची साइट सर्व्हर डाऊन दाखवत होती, फॉर्म अर्धा भरून अडकलेला, म्हणून मी बाजूला जनरल्स उघडला. शेजारच्या काकू सातबारा मांडीवर घेऊन बसलेल्या. बराच वेळ पाहत होत्या. डोझरनं मोकळ्या जागेत जाऊन बघता बघता एक बराक उभी केली, लगेच पुढं सरकून दुसरी सुरू केली.

"हे पिवळं काय हाय रे बाप्पा?"

"डोझर आहे काकू. कुठंही पाठवा, जाऊन बांधून येते."

"डिझेल?"

"लागत नाही."

"लाईन?"

"तीही नाही लागत."

काकू जरा पुढं सरकल्या. "मंग त्याले आमच्या पांधण रस्त्यावर धाड ना. पावसाळ्यात बैलबंडी पोटापर्यंत फसते."

मी म्हटलं, "काकू, तिकडं जायला ग्रामसभेचा ठराव लागते."

"हात्तीच्या," काकू म्हणाल्या, "मंग काय कामाचा तुहा खेळ. सर्व्हर आला का पाहा."