आठ किलो शिसं आणि एक काका

रविवारी सकाळी टँकवर माझं विसर्जन झालं. गणपती जाऊन जेमतेम पंधरा दिवस झालेत, त्यामुळे पब्लिकच्या तोंडात घोषणा तयारच होत्या.

झालं असं, की मे महिन्यात मालवणला स्कूबा केलं होतं, आता पावसाळा संपला की परत जायचंय म्हणून इथे पुण्यात प्रॅक्टिस. मालवणला कमरेला आठ किलो शिसं लावलं होतं, तो आकडा मोबाईलमध्ये जपून ठेवलेला, इथेही तोच सांगितला. शिकवणारा पोरगा म्हणाला, "घ्या सर, कमीजास्त बघू." हे "बघू" मला अजून टोचतंय.

तर पट्टा बांधत काठावर बसलो होतो तेवढ्यात टोपीवाले काका आले. प्रत्येक टँकवर एक असतात, पोहतात कमी, लक्ष ठेवतात जास्त.

"पोहता येत नाही वाटतं?"

"येतं काका. हे स्कूबा आहे."

"कमरेला काय ते?"

"शिसं. आठ किलो. नाहीतर माणूस खाली जात नाही, तरंगतो."

"बरं. आणि हे जाकीट?"

"यात हवा भरायची. म्हणजे... फार खाली जायला नको म्हणून."

काकांनी गॉगल कपाळावर चढवला. माझ्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे.

"म्हणजे तरंगू नये म्हणून शिसं, आणि बुडू नये म्हणून जाकीट."

"हो."

"भाडं दोन्हीचं घेतात?"

"...हो."

"दोन्ही काढून ठेवलं तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाहीये. मग त्यांनी एक वजन हातात घेऊन साबुदाणा जोखावा तसं खालीवर केलं आणि म्हणाले, "दोन किलो भरत नाही हे. जुन्या बाजारात जा, बुधवार-रविवार असतो, किलोवर मिळेल." आणि वर, "बुडायला एवढा खर्च? आमच्या वेळी पोरं नदीत फुकट बुडायची."

मी उत्तर न देता पाण्यात उतरलो आणि जो गेलो तो थेट तळाला, बारा फूट, फरशीवर मांडी घालून. घाबरून जाकिटाचं बटण दाबलं ते नेमकं हवा सोडायचं. पोराने सिलिंडरला धरून वर काढलं तेव्हा पहिला आवाज कानावर पडला तो काकांचा, "मोरया!" आणि मागून लहान बॅचची सगळी कार्टी, "पुढच्या वर्षी लवकर या!"

आता यात गणित असं आहे, जे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, मी सामानासकट एकशे दहा किलो, म्हणजे पावणेतीन किलो शिसं इथे उगाचच. मालवणला अंगात तीन मिलिमीटरचा पूर्ण सूट होता, तो स्वतःच तरंगतो, टँकवर मी टी-शर्टवर, म्हणजे अजून दोन-अडीच किलो गेले. तीन किलोत भागलं असतं!

बरं, समुद्रातही आठ लागण्याचं कारण वेगळंच. सिलिंडरमधल्या हवेला वजन असतं, डाइव्ह संपेपर्यंत दोनेक किलो हवा आपण पिऊन टाकतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर शेवटी वर ओढायला लागतो. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तिथे फुग्यासारखं वर जाऊ नये म्हणून ती सोय. शिसं किती लागतं हे ठरवायची खरी पद्धत म्हणजे सिलिंडर संपत आला की पाण्यावर उभं राहून जाकीट रिकामं करायचं, नेहमीसारखा श्वास धरायचा, पाणी डोळ्यांपाशी आलं पाहिजे, श्वास सोडला की हळूहळू खाली. पाच मिनिटांचं काम. पण नाही, सगळीकडे "अंदाजे घ्या सर". मालवणला अंदाजे, पुण्यात अंदाजे, पावती मात्र रुपयापर्यंत बरोब्बर.

कपडे बदलायच्या खोलीत काका टॉवेल गुंडाळून उभे होते.

"मग नक्की किती लागतं?"

"तीन किलो."

"आणि भाडं आठचं दिलंत?"