कोवळा दुधी, जून टायर

मान्सून केरळात दाखल झाल्याचं वेधशाळा सांगते. पुण्यात दाखल झाल्याचं हाडांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये कळतं. यंदाच्या पहिल्या तुकडीत मी होतो.

नळ स्टॉपच्या अलीकडे सिग्नल पिवळा झाला, मी ब्रेक मारला, आणि मागचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं. तिथून पुढे ते माझं राहिलं नाही. वेग वीसच्या आतबाहेर. इतक्या सावकाश पडलो की पडता पडता डबा कोणत्या बाजूला आहे हे आठवून दुसऱ्या बाजूला पडायचा विचार करता आला. (आमटी होती.)

चार माणसं धावली. त्यात एक सत्तरीचे गृहस्थ होते, हातात दुधाची पिशवी. ते वाकले तेव्हा मी उठायला हात पुढे केला, पण ते माझ्याकडे वाकलेच नव्हते. त्यांनी आडव्या पडलेल्या गाडीच्या मागच्या टायरवरून तळवा फिरवला आणि जमलेल्या लोकांना उद्देशून म्हणाले, "पार गोटा झालाय हो! पोळ्या लाटता येतील यावर." मग माझ्याकडे वळून, "टायर बदला. लागलंय का?" याच क्रमानं.

त्यांचं खोटं नव्हतं. टायरच्या नक्षीत, म्हणजे त्या खाचांच्या तळाशी, अधूनमधून बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं, असा कंपनीचा निरोप असतो. माझी नक्षी दिवाळीतच तिथवर पोचली होती. पण फराळाच्या खर्चानंतर टायर कोण घेतो? नंतर नाताळ आला, मार्चएंड आला, आंबे आले. शिवाय आतल्या आत मला एक आशा होती की टायर गुळगुळीत झाल्यानं गाडी हलकी पळेल आणि अ‍ॅव्हरेज वाढेल.

गुडघा बघायला साताऱ्याहून नाना आले, म्हणजे माझे सासरे. गुडघा पाच मिनिटांत बघून झाला. मग चहाचा कप घेऊन ते पार्किंगमध्ये गेले आणि अर्धा तास वर आले नाहीत.

नाना चेतकवाले. चेतकची तिन्ही चाकं सारखी असायची: पुढचं, मागचं आणि स्टेपनी. ज्वारीनंतर हरभरा घ्यावा तशी नाना त्यांची फेरपालट करत. मागचं झिजायला लागलं की पुढे, पुढचं स्टेपनीला, स्टेपनी मागे. एक संच त्यांनी सात वर्षं पुरवला होता आणि त्याची नोंद डायरीत आहे. किलोमीटरसकट. लग्नाच्या बोलणीत मला पगार कुणी विचारला नव्हता. नानांनी विचारलं होतं, "गाडी किती देते?"

वर आल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, मायलेजचा टायर घ्या. कडक. वीस-पंचवीस हजार बघायला नको."

"मायलेज म्हणजे पेट्रोलचं ना?" बायकोनं आतून विचारलं.

हा एक घोळ आहेच. पेट्रोलच्या हिशेबाला आपल्याकडे अ‍ॅव्हरेजही म्हणतात आणि मायलेजही. टायरचं मायलेज म्हणजे तो किती किलोमीटर टिकतो ते. घरात ही चर्चा पहिले दोन दिवस चालली तेव्हा निम्मी माणसं पेट्रोलबद्दल बोलत होती आणि निम्मी रबराबद्दल, आणि तरीही प्रत्येकाला दुसऱ्याचं म्हणणं चूक वाटत होतं.

दुसरा पक्ष भाच्याचा. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि रविवारी पहाटे मित्रांबरोबर ताम्हिणीला वडापाव खायला जातो. वडापाव कोथरूडमध्येही मिळतो, पण तिथे वळणं नाहीत.

"मामा, तुझी गाडी रस्त्याला टेकलेली असते ती फक्त दोन तळहातांएवढ्या रबरावर," तो म्हणाला. "तिथं काटकसर करायची का?"

मग त्यानं जे सांगितलं ते मला फार आवडलं. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दाण्यांवर दाबलं जातं, त्यांच्या भोवती बसतं, आणि परत मूळ आकाराला यायला जरा आळस करतं. त्या आळसातच ग्रिप असते. कडक रबर कामसू. दाबलं की लगेच उसळून जागेवर. ते झिजतही कमी. पण आळस फुकट मिळत नाही. दाबणं आणि परत येणं यात जी शक्ती मुरते तिची उष्णता होते, म्हणजे थोडं पेट्रोलही त्यात जातं. टायर बनवणारे बिचारे पूर्वीपासून या आखूड पांघरुणात झोपतायत: ग्रिप झाकली की आयुष्य उघडं पडतं, आयुष्य झाकलं की ग्रिप. अलीकडे रबरात सिलिका घालून पांघरूण जरा ताणलंय म्हणे.

"म्हणजे आळशी असलं की रस्ता धरून राहता येतं," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

दुकानात आम्ही तिघे गेलो, मी लंगडत. आमच्या पिढीचं टायरचं सगळं ज्ञान सचिनच्या बॅटवरून आलेलं. एमआरएफचं स्टिकर आम्ही आमच्या फळकुटांवरही चिकटवलं होतं. ती कंपनी १९४६ साली मद्रासमध्ये फुगे बनवत सुरू झाली हे कळलं तेव्हा हवेचा धंदा त्यांनी सोडला नाही याचं कौतुक वाटलं होतं. इथे भिंतभर टायर टांगलेले आणि नावांतच भांडण लावून ठेवलेलं. सीएटचा एक टायर 'मायलेझ', दुसरा 'ग्रिप'. एकाच घरातले दोन भाऊ, एकाचं नाव हिशेबी, दुसऱ्याचं धाडसी. मी दुकानदाराला विचारलं, "दोन्ही असलेला नाही का?"

तो टायर उचलता उचलता थांबला. "साहेब, सुनेला नोकरी पण पाहिजे आणि दुपारी घरी पण पाहिजे, असं म्हणताय."

तो बोलत होता तोवर नानांनी एक टायर गुडघ्यावर घेतला होता आणि ते त्यात अंगठ्याचं नख रुतवून बघत होते. ही परीक्षा मी ओळखतो. मंडईत दुधी घेताना नाना नेमकं हेच करतात. नख सहज रुतलं तर दुधी कोवळा. नाही रुतलं तर जून, आणि जून दुधी ते भाजीवाल्याकडे असा परत सरकवतात की त्याला स्वतःचं वय आठवावं. इथे मात्र पारडं उलटं. पहिल्या टायरात नख रुतलं, नानांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्यात रुतलं नाही. नानांचा चेहरा उजळला.

"हा घ्या. जून आहे."

भाचा दुसऱ्या बाजूनं टायरची भिंत वाचत होता. १००/९०-१७. शंभर मिलिमीटर रुंदी, उंची तिच्या नव्वद टक्के, सतरा इंचाची रिम. पुढे ५५ पी. ५५ म्हणजे टायर २१८ किलो भार घेतो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालतो.

"दीडशे?" नाना म्हणाले. "आणि हे चाळीसनं चालवतात. मग पावणेचार पट टिकायला पाहिजे."

शेवटी भाच्यानं चार आकडी जन्मतारीख शोधली. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नानांच्या जून टायरावर होतं ०७२२. म्हणजे २०२२ च्या फेब्रुवारीतला. नानांचं नख का रुतलं नाही याचा थोडा खुलासा झाला, कारण रबर नुसतं पडूनही कडक होत जातं. दुकानदार जरा दुखावला. "टायर म्हणजे काय ब्रेड आहे का?" असं म्हणून तो आत गेला आणि तुलनेनं तरुण टायर घेऊन आला.

आता एक मधला मार्ग निघाला. काही टायर असे असतात की मधला पट्टा कडक आणि कडा मऊ. सरळ चालताना मधला पट्टा झिजतो, तो टिकावा. वळताना गाडी कलते, तेव्हा कडांनी धरावं. भाचा खूश झाला, नानाही मधल्या पट्ट्यापुरते खूश झाले. मीच विचारात पडलो. मी आयुष्यात वळणावर कधी पडलेलो नाही. वळणाच्या आधी मी गाडी इतकी हळू करतो की मागच्या रिक्षावाल्याला मी पत्ता विचारायला थांबलोय असं वाटतं. मी सरळ रेषेत पडणारा माणूस आहे. मला मधेच मऊ पाहिजे.

हे बोलून दाखवल्यावर दुकानात थोडी शांतता पसरली, पण तर्कात खोट कुणाला काढता येईना.

राहिला पैशांचा प्रश्न. नानांनी दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. मऊ टायर २,६०० रुपयांचा आणि दुकानदाराच्या शब्दावर १३,००० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला २० पैसे. जून टायर २,००० चा आणि २५,००० किलोमीटर. म्हणजे ८ पैसे. फरक १२ पैशांचा. माझं ऑफिस जाऊन-येऊन २२ किलोमीटर. "रोजचे दोन रुपये चौसष्ट पैसे," नाना म्हणाले, "नुसते रस्त्याला घासून टाकायचे."

मी फोन स्पीकरवर टाकून बायकोला आकडा सांगितला. ती शाळेत गणित शिकवते. तिनं विचारलं, "पडण्याचा हिशेब केलात का? एक्स-रे पाचशे. फिजिओचे सात दिवस, चारशेप्रमाणे अठ्ठावीसशे. पँट तेराशेची. चार हजार सहाशे. भागिले दोन पूर्णांक चौसष्ट." पलीकडे दोन क्षण गेले. "सतराशे बेचाळीस दिवस. एकदा कमी पडलात तरी पावणेपाच वर्षांची ग्रिप फुकट."

नानांनी पेन खिशाला लावलं. लेकीच्या गणितापुढे ते बोलत नाहीत, कारण ते त्यांनीच शिकवलंय.

मशीनवर जुना टायर रिममधून सुटला तेव्हा प्लॅस्टरातून हात सुटल्यासारखा आवाज झाला. नवा बसला. काळाभोर, आणि अंगभर ते रबराचे बारीक केस, साच्याच्या हवा जायच्या भोकांतून आलेले. नानांनी एक उपटून बघितला. "जावळ आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माया होती.

पैसे देऊन गाडीवर बसलो तर दुकानदार म्हणाला, "साहेब, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून हां. नवा टायर वरून गुळगुळीत असतो. घसरतो."

मी किल्ली फिरवायचा थांबलो. ज्या ग्रिपसाठी सहाशे रुपये जास्त दिले, ती अजून सुरूच झाली नव्हती. घरी जायला सात किलोमीटर होते आणि डेक्कनकडून काळं आभाळ येत होतं. नाना आणि भाचा रिक्षानं गेले. मागे बसता का, असं मी विचारलंही होतं.

ते दीडशे किलोमीटर मी जे चालवले त्याला चालवणं म्हणत नाहीत. चेंबरचं लोखंडी झाकण दिसलं की वळसा, पांढरा पट्टा दिसला की पाय खाली. सायकलवरची मुलं पुढे गेली. एकदा एक आजोबा चालत पुढे गेले. दीडशे किलोमीटर पूर्ण झाले त्या संध्याकाळी मी नळ स्टॉपच्या त्याच पट्ट्यावर मुद्दाम ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. मागचा माणूस मात्र थांबला नाही. त्याचा टायर बहुधा मायलेजचा असावा. नंबर प्लेट वाकली, बाकी काही नाही.

भाच्यानं हट्टानं एकदा ताम्हिणीलाही नेलं. वळणावर तो ओरडत होता, "मामा, झुकव! झुकव!" मी झुकलो. गाडी सरळ राहिली, मी एकटाच झुकलो.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. परवा नाना आले होते, सासूबाईही होत्या. नाना नेमानं पार्किंगमध्ये गेले आणि या वेळी पाच मिनिटांतच हाक आली. आम्ही सगळे खाली. सात हजार किलोमीटर झालेत. टायरचा मधला पट्टा झिजून सपाट झालाय, उंचवटे डोकं वर काढायच्या बेतात आहेत. आणि दोन्ही कडा? कडांवर अजून जावळ आहे. नानांनी एकेका केसावरून बोट फिरवलं. माझ्या वर्षभराच्या सरळमार्गी जीवनाचा पंचनामा चालला होता. मधली ग्रिप मी वापरून संपवली होती आणि कडेची, पूर्ण पैसे मोजून घेतलेली, शोरूमसारखी कोरी होती.

"उलटा करून बसवता येईल का?" नानांनी विचारलं. त्यांच्या शर्टांच्या कॉलरी अशा उलटून झालेल्या आहेत.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या पुढे आल्या, पदर सावरून वाकल्या, मधला गुळगुळीत पट्टा बघितला, कडा बघितल्या. विरलेलं लुगडं मधोमध फाडून कडेचा धड भाग मध्ये आणून शिवायचे दिवस त्यांनी पाहिलेत.

"अहो," त्या नानांना म्हणाल्या, "याला दांड घालून देत नाहीत का कुठे?"

नानांनी डायरी काढली.