गाडी धड आणून द्यायची

रविवारपासून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतेय. कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून आलेत, डाव्या मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग आहे. तरी आज लिहायला बसलेच, कारण रविवारच्या ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या-खडकाळ वाटेवरच्या मोटरसायकल शर्यतीचे फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय : "ताई, आम्हालाही ऑफ-रोडिंग सुरू करायचंय, कुठल्या गडावर गाडी नेऊ?"

कुठल्याच नको. आधी एखाद्या टीममध्ये शिरा आणि एक शर्यत करा. असं का म्हणतेय ते सविस्तर सांगते.

शर्यत सिन्नर तालुक्यातल्या एका खासगी माळावर होती. ४ तास, साधारण ८ किलोमीटरचा फेरा, तिघांची टीम आणि तिघांत मिळून गाडी एकच. प्रत्येकाने दोन फेरे मारायचे, पिटमध्ये (गाडी थांबवायच्या-दुरुस्त करायच्या जागी) यायचं आणि गाडी पुढच्याच्या ताब्यात द्यायची. गाडी माझी, एक्सपल्स २००, जी एरवी मला ऑफिसला नेते. टीममध्ये मी, वर्षानुवर्षं रॅली केलेले दादा आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा. पिट सांभाळायला आमचे गॅरेजवाले काका.

आदल्या संध्याकाळी काकांनी आरसे, इंडिकेटर, मागची नंबरप्लेट सगळं उतरवलं. टायरची हवा पुढे १८, मागे १६ पर्यंत खाली आणली. दादांनी सांगितलं, "पायाखालच्या पेगवर उभी राहा, गुडघ्यांनी टाकी धर, नजर चाकावर नको, वीस फूट पुढे ठेव. आणि गाडी धड आणून दे. वेळेचं आम्ही बघू." हे शेवटचं वाक्य तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. नवीन आहे म्हणून समजूत घालताहेत, एवढंच वाटलं.

रात्री सगळे झोपायला गेल्यावर मी गाडीवर एक हात फिरवला. क्लचची लिव्हर हँडलवर किंचित फिरत होती. बोल्ट ढिला राहिला असेल म्हणून पाना घेतला आणि घट्ट आवळला. काका दमलेत, त्यांना कशाला उठवायचं!

सकाळी पहिले दोन फेरे दादांनी मारले. मग मी. आधी मुरमाची चढण, मग बाभळीतून वळणं घेणारी पायवाट, पुढे खडकाळ उतार आणि खाली ओढा. पहिले ३ किलोमीटर बरे गेले. मग मागून कुणीतरी हॉर्नसारखा ओरडत आला, मी बिचकले, बाजूला होण्याऐवजी थ्रॉटल पिळला आणि खडकाळ उतारावर पुढचं चाक एका सुट्या दगडावरून घसरलं. गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. आवाज छोटासाच आला, काडी मोडल्यासारखा. क्लचची लिव्हर मुळाशी तुटली होती.

बांधावरून पिवळा झेंडा घेतलेला गावातला एक पोरगा धावत आला. "ताई, लागलं का?" आधी माणूस, मग गाडी. दोघांनी मिळून ती उभी केली. तो म्हणाला, "घाई नका करू. खाली ओढ्यात दोघं अडकलेत, तुम्ही डाव्या अंगानं घ्या." क्लच नाही, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये चालू केली, उताराला ढकलली, वेग धरल्यावर उडी मारून बसले आणि पहिला गिअर टाकला. एक गचका बसला, पण गाडी निघाली. ओढा तसाच पार केला. उरलेले ५ किलोमीटर कुठेही न थांबता, थ्रॉटल सोडून गिअर बदलत आणले. माझा दुसरा फेरा गेला.

काकांनी लिव्हरकडे पाहिलं, मग बोल्टकडे. "हा कुणी आवळला?" मी सांगितलं. ते चिडले नाहीत. खिशातून टेफ्लॉन टेपचं रीळ काढलं, प्लंबर नळाला गुंडाळतात तेच. हँडलवर दोन वेढे दिले, नवी लिव्हर चढवली आणि बोल्ट जेमतेम बसेल इतकाच फिरवला. माझा हात धरून लिव्हरवर ठेवला. "दाब. बोटांनी फिरत नाही ना? आता तळहाताने ढकल." ती फिरली. गाडी पडली की लिव्हरने असं फिरून दगडाला वाट द्यायची असते. घट्ट बसवलेली मोडते. हे सगळं चाललं असताना भाचा हेल्मेट घालून शेजारी उभा होता आणि त्याच्या वाट्याचा वेळ माझ्यामुळे जात होता. त्याने मला पाण्याची बाटली दिली.

हे मला एकटीला कुठल्या गडाच्या वाटेवर कळलं असतं? तिथे लिव्हर तुटली असती तर रेंज नसलेल्या फोनकडे बघत बसले असते. इथे ॲम्ब्युलन्स उभी होती, दर वळणावर कुणीतरी होतं. आणि ज्याच्या माळावरून चाकं जात होती, त्याला विचारलेलं होतं. त्याने कांद्याचं रोप टाकलं होतं. त्या वाफ्यांभोवती आयोजकांनी दुहेरी पट्टी बांधली होती आणि तिच्या आत चाक गेलं तर टीम बाद.

गडावर गाडी नको म्हणते त्याचं आणखी एक कारण आहे. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आपला साल्हेर किल्ला जुलै २०२५ मध्ये गेला. सड्यावर, म्हणजे अशा खडकाळ पठारावर, मातीचा थर बोटभर असतो. पावसाळ्यात त्यावरून एक गाडी गेली की चाकोरी पडते, पाणी तिथून वाहतं आणि ती माती परत येत नाही. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर अशा एका सड्यावर गाडी नेली होती. त्याचे फोटो मी आज काढून टाकले.

आणि महागडी गाडी नाही म्हणून थांबू नका, गाडीच्या किमतीपेक्षा ती सांभाळणारे हात महत्त्वाचे. इंटरनॅशनल सिक्स डेज एन्ड्युरो ही सहा दिवसांची मोटरसायकल शर्यत १९१३ मध्ये सुरू झाली. देशोदेशींच्या टीम येतात, आणि तिथेही टायर बदलायचा तर स्वाराने स्वतःच्या हाताने, ठरलेल्या वेळात. २०१५ मध्ये सी. एस. संतोष या मोटरसायकलस्वाराने डकार ही लांब पल्ल्याची, खडतर रॅली पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय. ३६वा आला होता. मला त्या आकड्यापेक्षा 'पूर्ण केली' हे दोन शब्द मोठे वाटतात, आणि रविवारपासून जास्तच.

दुपारी माझी दुसरी पाळी आली. त्याच उतारावर, जवळजवळ त्याच जागी, पुन्हा पडले. या वेळी आवाज आला नाही. लिव्हर फिरून वर तोंड करून उभी होती. तळहाताने खाली ढकलली आणि निघाले. दोन्ही फेरे पूर्ण केले. शेवटची २५ मिनिटं उरली असताना पिटमध्ये शिरले, इंजिन बंद केलं, उतरले. दादांनी गाडीला एक चक्कर मारली. चेन बघितली, लिव्हर बघितली, पुढच्या चाकाचे स्पोक बोटांनी वाजवले.

"धड आहे," ते म्हणाले, आणि पाय टाकून बसले.